‘लांबला’ म्हणजे नेमके काय?

चित्रपटाविषयी मत देणे ही आज सर्वांत स्वस्त गोष्ट झाली आहे. चित्रगृहाच्या पायऱ्या उतरता उतरता मोबाईलवर दोन शब्द लिहावेत, पाचांपैकी तीन तारे बहाल करावेत आणि मोकळे व्हावे. ‘पैसा वसूल’, ‘बरा आहे’, ‘लांबला’ एवढ्यात निकाल लागतो. अशा मतांना कोणी गंभीरपणे घेत नाही आणि नेमका तेथेच धोका आहे. विचार करून बोलताना माणूस आपले पूर्वग्रह झाकून ठेवतो. सहज बोलताना ते उघडे पडतात.

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’चेच उदाहरण घ्या. ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेला हा हिंदी चित्रपट आपल्या नागपूरचा आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलच्या निमित्ताने एकत्र आणण्याचे जे काम सुरू केले, त्यावर तो आधारलेला. मुख्य भूमिका अमिताभ बच्चन यांची; पण चित्रपट व्यापून राहतात ती पडद्याला सर्वस्वी नवी असलेली वस्तीतली मुले. नागपूरकरांनी यावर हिरिरीने वाद घालावा, असाच हा विषय होता. प्रत्यक्षात आपल्या सुशिक्षित वर्तुळांत, अगदी चळवळीशी नाते सांगणाऱ्यांतही, ऐकू आले ते एवढेच : ‘काहून लांबवला बाप्पा एवढा!’

लांबला म्हणजे किती? जेमतेम तीन तास. त्याच महिन्यात आलेला ‘आरआरआर’ तीन तासांहून अधिक चालतो. त्याच्या लांबीची अशी तक्रार फारशी कानावर आली नाही. दूरचित्रवाणीवरील मालिका शेकडो भाग चालतात आणि घराघरांत जेवणाच्या ताटाबरोबर पाहिल्या जातात. तेव्हा प्रश्न मिनिटांचा नव्हे. ‘झुंड’चा उत्तरार्ध रेंगाळतो तो कागदपत्रांपाशी. आदिवासी मुलगी आणि तिचा बाप स्वतःची ओळख सिद्ध करणाऱ्या कागदासाठी दारोदार फिरतात. पोलिसांतील नोंदीमुळे डॉनची परदेशवारी अडते. ज्यांच्या घरी सारे दाखले कपाटात नीट लावून ठेवलेले असतात, त्यांना हे प्रसंग लांब वाटणारच. ज्यांनी तहसील कचेरीत खेटे घातले आहेत, त्यांना विचारा. ते सांगतील की दिग्दर्शकाने बरेच आवरते घेतले आहे!

दुसरे मत : ‘सैराटची मजा नाही.’ २०१६ साली ‘सैराट’च्या गाण्यांवर आपण वरातींत नाचलो. पण त्याच चित्रपटाचा शेवट जातीच्या अहंकाराने सांडलेल्या रक्ताने माखलेला आहे, त्याचे आपण काय केले? मजा तेवढी उचलली आणि प्रश्न तेथेच ठेवून आलो.

तिसरे मत अधिक सोवळे : ‘गुंड पोरांचे उदात्तीकरण.’ श्रीमंत टोळीनायकाने पडद्यावर माणसे मारली तर ती ‘स्टाईल’, आणि वस्तीतल्या मुलाने साखळी ओढली तर समाजाला धोका, हा कोणता न्याय?

याचा अर्थ ‘झुंड’वर टीकाच करू नये, असा मुळीच नाही. वस्तीतल्या मुलांची गोष्ट सांगायला बाहेरचा तारणहार आणि तोही महानायकच का लागावा? मुलींच्या वाट्याला एवढी कमी जागा का? हे आक्षेप रास्त आहेत आणि ते कठोरपणे मांडलेही पाहिजेत. मात्र आक्षेपामागे कारण असते, त्यावर समोरच्याला उत्तर देता येते. ‘बोअर झाला’ याला उत्तर नसते. तो निकाल असतो, आणि निकाल देणारा स्वतःला तपासणीतून वगळून घेतो.

कार्यकर्त्यांना एवढेच सांगावयाचे आहे की करमणूक ही राजकारणाबाहेरची सुट्टी नव्हे. कोणाचे दुःख आपल्याला तीन तासही सोसवत नाही, हे तेथे कळते. ज्यांच्या नावाने आपण ठराव मांडतो, मोर्चे काढतो, त्यांचे जगणे पडद्यावर येताच आपण घड्याळ पाहणार असू, तर दोष केवळ संकलकाचा नाही. असे चित्रपट वस्तीत, बुद्धविहाराच्या अंगणात, कामगारांच्या सभागृहात रीतसर दाखवावेत आणि नंतर तासभर बसून बोलावे. पहिले मत वस्तीतल्या मुलामुलींना मांडू द्यावे, आपण ऐकावे.

‘झुंड’च्या अखेरीस विमान झोपडपट्टीवरून उडत जाते आणि खालच्या भिंतीवर सूचना असते : भिंत ओलांडण्यास सक्त मनाई. ती भिंत बांधायला विटाच लागतात असे नाही. चित्रगृहाबाहेर सहज फेकलेले दोन शब्दही पुरतात.