कुलूपबंद छायाचित्रे आणि दुबार प्रती

भंडारा, तुमसर किंवा साकोली येथील व्यापारी घरातील मोबाइलमध्ये दुकान आणि संसार एकत्रच नांदत असतात. धानाच्या ट्रकची वजनकाट्याची पावती, पितळी भांड्यांच्या नव्या मालाची छायाचित्रे, जीएसटीची बिले, नातवाचा वाढदिवस आणि संवत्सरीनंतर दहा नातेवाइकांकडून आलेले क्षमापनेचे एकच चित्र! हे सारे क्लाउडवर आपोआप जमा होत राहते. गूगलने १ जून २०२१ पासून छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण बंद केली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत, पुढे भाडे. साहजिकच दुबार चित्रे काढून टाकण्याचा विचार मनात येतो.

हे काम साठवणाऱ्या कंपनीनेच का करू नये? बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. आत काय आहे, हे बँकेला ठाऊक नसते. टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्शन असलेल्या साठवणीत तर कंपनीजवळ एकही चावी नसते. एकच लग्नाचे छायाचित्र दोन कुटुंबांनी आपापल्या चावीने बंद केले, तर कंपनीला दोन सर्वस्वी निराळे अर्थहीन संच दिसतात. दोन्ही एकच आहेत, हे तिला कळणारच नाही.

यावर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००२ साली एक युक्ती मांडली. चावी चित्रातूनच तयार करावयाची, म्हणजे चित्र समान असेल तर कुलूपबंद रूपही समान, आणि एकच प्रत ठेवणे शक्य. युक्ती सुबक खरी; पण व्यापाऱ्याने तिच्यातील छिद्र ओळखावे. छापील नमुन्यातील संगणकीय बिलात केवळ रक्कम बदलते. एखाद्याने संभाव्य रकमांची सर्व बिले तयार करून ताडून पाहिली, तर कुलूप न उघडताही खरी रक्कम कळू शकते. २०१३ साली सुचविलेल्या ‘डुपलेस’ पद्धतीत चावी घडविताना स्वतंत्र सर्व्हरचे एक गुपित मिसळले जाते आणि तो सर्व्हर विचारणांवर मर्यादा घालतो. त्यामुळे असे अंदाज बांधणे बरेच कठीण होते.

घरगुती व्यवहारात सुरक्षित मार्ग सरळ आहे: निवड कुलूप लावण्यापूर्वी, आपल्याच उपकरणावर व्हावी. आयफोनमध्ये २०२२ च्या आयओएस १६ पासून दुबार चित्रांचा स्वतंत्र अल्बम मिळतो आणि ही तुलना फोनमध्येच होते. जागा मोकळी करून देतो म्हणून सर्व छायाचित्रांची परवानगी मागणाऱ्या अनोळखी अ‍ॅपला ती देणे म्हणजे तिजोरीची चावी वाटसरूच्या हाती देणे होय.

‘समान’ आणि ‘सारखे’ यांतील भेद मात्र यंत्रावर सोपवू नये. फायलीचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश, तंतोतंत जुळला तर ती खरी दुबार प्रत. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेले चित्र दाबून लहान केलेले असते, त्यामुळे त्याचा ठसा मूळ चित्राशी जुळत नाही. तेथे मूळ प्रत राखून आलेली प्रत काढावी. उलट एकाच ट्रकच्या दोन फेऱ्यांच्या काटापावत्या डोळ्यांना सारख्या दिसतात, पण त्या दोन स्वतंत्र व्यवहारांचा पुरावा असतात. अंदाजाने जुळवणारे अ‍ॅप त्यांतील एक सहज बाजूला काढील.

सिंक चालू असताना फोनमधील फोटो अ‍ॅपमधून पुसलेले चित्र क्लाउडमधूनही जाते. कचरापेटीची मुदत गूगल फोटोंमध्ये बॅकअप झालेल्या चित्रांसाठी ६० दिवस, तर आयफोनमध्ये ३० दिवस. जीएसटीची हिशेबी कागदपत्रे मात्र वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून बिले व काटापावत्या आधी वर्षवार वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, ती उघडून पाहावी, आणि मगच क्षमापनेच्या त्या नऊ जादा चित्रांकडे वळावे.