मुलाला स्कुबा डायव्हिंगला पाठवताय? ‘नाही’ म्हणणारा प्रशिक्षक शोधा

दिवाळीच्या सुट्टीआधी एक आई चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन क्लिनिकमध्ये आल्या. “डॉक्टर, मालवणला चाललोय. याला स्कुबा करायचंय, फिटनेस सर्टिफिकेट द्या.” त्यांच्या हातात आरोग्याचा भरलेला फॉर्म होता. त्यात दम्याच्या प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण होती. याच मुलाला दोन वर्षांपूर्वी मी पंप लिहून दिला होता.

“आता त्रास नाही हो त्याला. आणि ‘हो’ लिहिलं तर घेत नाहीत.”

मी सर्टिफिकेट दिले नाही. मुलगा रुसला. त्याचे कारण इथे लिहितो, कारण हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येतो.

पाण्याखाली शरीरात काय होते?

दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून पूर्ण श्वास घेतला आणि तो रोखून वर आले, तर छातीतली हवा दुप्पट जागा मागते. तेवढी जागा नसते, त्यामुळे फुफ्फुस फाटू शकते. म्हणून स्कुबाचा पहिला नियम आहे : श्वास कधीही रोखायचा नाही. घाबरलेले मूल नेमके तेच करते, श्वास रोखून वर झेपावते. ही इजा अगदी दीड-दोन मीटरवरूनही होऊ शकते, त्यामुळे “जास्त खोल नेत नाही हो” या आश्वासनावर विसंबू नका. दम्यात श्वासनलिका आकसून हवा आत अडकते, म्हणून धोका वाढतो. दमा पूर्ण आटोक्यात असेल तर तपासणीनंतर काहींना परवानगी मिळते, पण तो निर्णय तज्ज्ञांचा.

कानाचेही तसेच. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे लागते, म्हणजे कानातला दाब सारखा होतो. सर्दीत ती वाट बंद असते आणि पडद्याला इजा होऊ शकते. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्द. गोळी घेऊन उतरू नये. तिचा असर पाण्यातच संपला तर वर येताना कान अडकतो. फिट येणे, पूर्वी फुफ्फुसाभोवती हवा साठणे, कानाचे ऑपरेशन किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

अनुभव की शिक्षण?

किनाऱ्यावर मिळते ती बहुधा एकदाची अनुभव-डाइव्ह. प्रशिक्षक मुलाला धरून फिरवतो, मासे दिसतात, व्हिडिओ मिळतो. त्यात वाईट काही नाही, पण ते शिक्षण नव्हे. ‘पाडी’सारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्राथमिक कोर्समध्ये 200 मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगणे, उथळ पाण्यातला सराव आणि मग समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. दहाव्या वर्षापासून तो करता येतो. बारा वर्षांखालील मुलांना 12 मीटरची मर्यादा आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. मुलाला खरी आवड असेल तर आधी पोहायला शिकवा, मग कोर्सचा विचार करा.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारा :

1. आरोग्याचे प्रश्न विचारता का? एखादे उत्तर ‘हो’ आले तर काय करता?
2. समुद्रात नेण्याआधी उथळ पाण्यात किती वेळ सराव घेता?
3. माझ्या मुलासोबत एक स्वतंत्र प्रशिक्षक असेल का?
4. बोटीवर ऑक्सिजन आहे का? काही झाले तर कोणत्या रुग्णालयात नेता?
5. ऐनवेळी मूल नको म्हणाले किंवा समुद्र खवळला तर पैसे परत देता का?

पाचवा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पैसे बुडणार म्हटले की आपणच मुलाला ढकलतो : “एवढे पैसे भरलेत, जा ना!” म्हणून निघण्याआधीच त्याला सांगून ठेवा, की बोटीवरूनही परत फिरलास तरी कोणी रागावणार नाही. आणि हौस त्याची आहे की आपली, हे एकदा त्याला एकट्यालाच विचारा.

परतीचेही बघा. एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर 18 तास विमानप्रवास टाळावा. आंबोलीसारखा सुमारे 700 मीटर उंचीचा घाट चढायचा असेल तरी त्याच संध्याकाळी निघण्याची घाई नको.

त्या मुलाची फुंकून करायची तपासणी झाली. छातीच्या तज्ज्ञांनी सध्या थांबायला सांगितले. आईंनी खरी माहिती देऊन मालवणला फोन केला, तर प्रशिक्षक म्हणाला, “यंदा नको आणू.”

“त्याचंच गिऱ्हाईक गेलं,” मुलगा मला चिडून म्हणाला.

मी म्हटलं, “तज्ज्ञांनी हो म्हटलं ना, की त्याच्याकडेच जा.”