दक्षिणा, माधुकरी आणि शिष्यवृत्ती : सार्वजनिक पैशावर आधी कोण शिकले?

१/ प्रवेशाचा हंगाम आला की एक विधान हमखास कानी पडते. पूर्वीची माणसे रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून स्वतःच्या हिमतीवर शिकली. सरकारी पैशावर शिकण्याची सवय अलीकडची आहे आणि ती मतांसाठी लावलेली आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात या विधानाला आधार नाही. विद्येसाठी सार्वजनिक पैसा येथे अठराव्या शतकापासून खर्च होत आला आहे. वाद झाला तो एकाच प्रश्नावर : हा पैसा कोणासाठी?

२/ प्रारंभ दक्षिणेपासून करावा लागतो. सेनापती दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. श्रावणात विद्वान ब्राह्मण पुण्यात जमत आणि राज्याच्या खजिन्यातून त्यांना रक्कम दिली जाई. खजिना कशाने भरत असे, हे वेगळे सांगायला नको. तो कुणबी रयतेच्या साऱ्याने भरत असे.

३/ १८१८ मध्ये पेशवाई गेली. दक्षिणा गेली नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने तिच्यासाठी सालीना ५०,००० रुपये राखून ठेवले. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तीही याच पैशातून. तेथील विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी दरमहा वेतन मिळे. आजच्या भाषेत याला विद्यावेतन म्हणतात. ही पाठशाळा प्रारंभी केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती.

४/ १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेतील काही रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावी. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख या खटपटीत अग्रभागी होते. शहरात एवढा क्षोभ उसळला की सुधारकांच्या रक्षणासाठी जोतीराव फुल्यांना महार-मांग समाजातील माणसे घेऊन उभे राहावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. अनुदान बंद करा, असे कोणी म्हटलेले नव्हते. त्यातला एक वाटा इतरांसाठी खुला करा, एवढीच मागणी होती.

५/ याच निधीतून पुढे महाविद्यालयांत दक्षिणा फेलोशिप निघाल्या. महादेव गोविंद रानडे दक्षिणा फेलो होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. दोघांच्या विद्वत्तेबद्दल शंका घेणे मूर्खपणाचे ठरेल. तथापि ते सार्वजनिक निधीवर शिकले म्हणून त्यांना कोणी ‘फुकटे’ म्हटल्याचे ऐकिवात नाही, आणि म्हणूही नये.

६/ आता त्या दिव्याखालच्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याचे कष्ट खरे होते. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु तो जेवत कोठे होता? सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ‘वार लावून जेवणे’ आणि ‘माधुकरी मागणे’ या शब्दांमागे एक संपूर्ण आश्रयव्यवस्था उभी होती. गावाकडून आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला पुण्यात अन्न मिळे, एखाद्या वाड्यात पथारीपुरती जागा मिळे. महाराच्या मुलाने त्याच वाड्याच्या दारात वार मागितला असता, तर? दिव्याचा प्रकाश सर्वांवर पडत असेल. वाड्याचे दार सर्वांना उघडत नव्हते.

७/ १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेले निवेदन प्रत्येक इतिहासप्रेमीने मुळातून वाचावे. महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा हिशेब होता. ‘करदात्यांचा पैसा’ हा युक्तिवाद आज ज्यांच्या विरोधात वापरला जातो, त्यांच्याच बाजूने तो प्रथम मांडला गेला होता.

८/ त्याच निवेदनात फुल्यांनी शिष्यवृत्त्यांचाही विचार केला. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसते, पण तिने इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षण न पोहोचलेल्या वर्गांसाठी ठेवाव्यात, असे त्यांनी सुचवले. गुणवत्ता की गरज हा वाद नव्या पिढीने उकरून काढला, असे मानणाऱ्यांनी सालाकडे पुन्हा एकदा पाहावे.

९/ पुढची नावे परिचित आहेत. १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शुल्क माफ झाले तरी पोट माफ होत नाही, हे या माणसांना कळले होते.

१०/ आणि भीमराव आंबेडकर. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकताना वडिलांची ऐपत संपली. केळुसकर गुरुजींच्या मध्यस्थीने सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. तिला करार जोडलेला होता : परतल्यावर १० वर्षे बडोदा संस्थानची नोकरी.

११/ ‘शिष्यवृत्ती कशाला, कर्ज द्या, शिकून कमावतील आणि फेडतील’ असे म्हणणाऱ्यांनी येथे थांबावे. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकर परतले. करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कचेरीत शिपाई हाती कागद देण्याऐवजी लांबून मेजावर फेकत. कोलंबियाचा पदवीधर करार पाळायला तयार होता. नगराने पाळू दिला नाही. शिकलेल्याला कमावू दिले जाईल, हे गृहीत धरूनच परतफेडीची अट घातली जाते. ते गृहीतक कोणासाठी खरे होते?

१२/ लंडनला परतायला १९२० उजाडले. मधल्या काळात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या मित्राने ५,००० रुपये उसने दिले. देशातील सर्वांत तल्लख विद्यार्थ्यांपैकी एकाची तीन वर्षे केवळ पैशाअभावी गेली. ज्यांना भथेना भेटले नाहीत, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

१३/ हा मनुष्य व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर काय करतो? १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर करतो आणि त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागतो. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देतच होते. तोच न्याय त्याने आपल्या समाजासाठी मागितला. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. ‘मतांसाठी’ म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी : तेव्हा देशात ना प्रौढ मतदानाचा हक्क होता, ना स्वराज्य.

१४/ ती योजना आजही चालू आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. हप्ता वेळेवर आला नाही तर खानावळीचे बिल आणि खोलीचे भाडे मुलाच्या घरून जावे लागते, आणि घरी ते नसते म्हणूनच तर अर्ज केलेला असतो. दक्षिणा वाटली जाई तेव्हा निदान महिना ठरलेला होता.