'घरगुती'चा भाव

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या प्रदर्शनात एका बाईंनी गोधडी उलटसुलट करून पाहिली, टाक्यांचं कौतुक केलं आणि किंमत ऐकून म्हणाल्या, "घरगुतीच आहे ना हो? मग एवढे पैसे कसले?" गोधडी शिवणारी शेजारीच उभी होती. तिने मुकाट्याने पन्नास रुपये कमी केले. मला त्या वेळी काही बोलायला सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र हॅरिस बेटावरच्या बायका आठवल्या.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज ही बेटं आहेत. हॅरिस त्यातलंच. खडकाळ जमीन, सततचा वारा, झाडं नावापुरती. बटाटे, मेंढ्या आणि थोडी मासळी यावर संसार चालायचा. बायका घरीच लोकर कातायच्या, खडकावरचं दगडफूल खरवडून तिला रंग द्यायच्या. (हो, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड!) विणलेलं कापड घट्ट व्हावं म्हणून ते ओलं करून, टेबलाभोवती बसून तालावर आपटायच्या आणि सोबत गाणी म्हणायच्या. जात्यावरच्या ओव्याच म्हणा ना!

१८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला, उपासमार सुरू झाली. त्याच दशकात तिथल्या जमीनदारीण लेडी डनमोर यांनी हे कापड बड्या घरांत पोहोचवलं. नाव झालं, तशी नक्कलही आली. मग १९०९ मध्ये विणकामाच्या रक्षणासाठी संघटना उभी राहिली. अस्सल कापडावर गोल आणि क्रूस असलेली मुद्रा उमटू लागली. पुढे १९९३ मध्ये तर ब्रिटिश संसदेने कायदाच केला. लोकर बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, कापड तिथल्याच माणसाने स्वतःच्या घरी, हाताने विणलेलं हवं. आता सूत गिरणीत कातलं जातं, पण माग घरातच. तेच सूत कारखान्यात विणलं, तर त्याला 'हॅरिस ट्वीड' म्हणता येत नाही!

तिथेही सगळं गोड नाही. पहिल्या महायुद्धानंतर पायाने चालवायचे नवे माग आले आणि विणकाम बरंचसं पुरुषांच्या हाती गेलं. फॅशन बदलली की मागणीही घटते. पण एक गोष्ट त्या बेटाने पक्की केली. आपण जो शब्द भाव पाडायला वापरतो, तोच त्यांनी किमतीचं कारण ठरवला.

आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण मानांकन नावाची राखण करतं. स्वयंपाक, पाणी, म्हातारी माणसं सांभाळून उरलेल्या वेळात घातलेल्या टाक्याची किंमत कोण करणार? ती आधी आपणच करायला हवी, मैत्रिणींनो.

पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक गोधडीला आम्ही चिठ्ठी लावणार आहोत. कोणी शिवली, किती दिवस लागले, आणि खाली ठळक अक्षरात लिहिणार : 'घरी शिवलेली. म्हणूनच ही किंमत.'