हळद, सुरूर फाटा आणि एक बांगडी

परवा कॉफी पिता पिता एक आयटीवाली मैत्रीण म्हणाली, "मला ना या सीरियलवाल्यांचा भयंकर हेवा वाटतो यार. नदीकाठच्या वाड्यात राहायचं, नटायचं, मुरडायचं, आणि वर त्याचे पैसे!"

मी नुसतीच हसले, कारण माझी कॉलेजातली एक मैत्रीण नेमकं हेच करते. नाव सांगत नाही, तिला पुढचं काम मिळायला हवं ना!

मालिका मुंबईच्या स्टुडिओतून गावात गेल्या, हे आपण गेली काही वर्षं बघतोच आहोत. 'रात्रीस खेळ चाले'साठी २०१६ मध्ये कॅमेरा सावंतवाडीजवळच्या आकेरीत पोचला आणि तिथला वाडा बघायला चक्क पर्यटक जाऊ लागले. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापूरजवळचं वसगडे घराघरात नेलं. वाईचं तर विचारूच नका. 'स्वदेस'मुळे २००४ मध्ये मेणवलीचा घाट सगळ्या देशाने पाहिला. आमच्या बाईसाहेबांचं शूटिंगही त्याच पट्ट्यात चालू होतं, म्हणून एका शनिवारी मी धडकले.

पहिल्या तासाभरातच माझं ग्लॅमर उतरलं. लोकेशनवर आवाज जागेवरच रेकॉर्ड होतो. त्यामुळे 'सायलेन्स' झाला की एक मुलगा गिरणी थांबवायला पळतो, दुसरा कुत्र्यांना बिस्किटं घालतो, आणि ज्यांचा वाडा आहे त्या आजींनी कुकरची शिट्टी काढून ठेवायची. आजी मागच्या दोन खोल्यांत राहतात. रात्री मात्र त्या मालिका बघतात आणि सकाळी माझ्या मैत्रिणीला झापतात, "काल सासूला उलट बोललीस ती!"

"आजींचं काही वाटत नाही गं," ती म्हणाली. "मुंबईत सेटवर पॅकअप झालं की मी घरी जाते. इथे पॅकअपनंतरही मी तीच. चहाच्या टपरीवरसुद्धा सूनबाई! महिनाभराने फोनवर आईशी बोलतानाही त्याच हेलात बोलायला लागले, तेव्हा टरकलेच."

मग वाड्याच्या मागच्या पायरीवर बसून तिने हळदीची गोष्ट सांगितली.

रोजच्या मालिकेत बँक म्हणून एक भानगड असते. म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड. आपल्या सेव्हिंग अकाउंटसारखं, आणि शिल्लकही तशीच! त्या आठवड्यात बँकेत दोनच एपिसोड होते. हळदीचा सिक्वेन्स चार दिवस चालणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला, बाबांना पुण्यात ॲडमिट केलंय, अँजिओप्लास्टी. तिने विचारलं, जाऊ? सगळे अगदी हळहळले. पण नवरीशिवाय हळद कशी शूट करणार? रात्री दहाला सोडू, सकाळी सातला परत ये, आणि प्लीज, हात धुऊ नकोस. कंटिन्युइटी!

आता यात व्हिलन कोण, सांगा. मला तरी सापडला नाही. एपिसोड गेला नाही तर शंभर माणसांचं काम अडतं, हे तिलाही माहीत होतं. (केलेल्या कामाचा चेक तीन महिन्यांनी आला तेव्हा मात्र कुणाचंच काही अडलं नव्हतं. असो.)

कॉस्च्युमवाल्या दादांनी बाइकवरून तिला सुरूर फाट्यावर सोडलं. तिथून एसटी, मग स्वारगेट, मग रिक्षा. तोंडाला हळद, हातात हिरवा चुडा, अंगात ट्रॅकपँट. एसटीत शेजारच्या मावशींनी काहीही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. त्यांना वाटलं, पोरगी लग्नातून पळाली! हॉस्पिटलात सिस्टर म्हणाल्या, "काँग्रॅट्स!" बाबा गुंगीत होते. त्यांनी डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "उरकलं का गं लग्न?"

"नाही बाबा, अजून दोन दिवस आहेत," ती म्हणाली.

पावणेचारला ती परत निघाली.

"आणि सकाळी कसं केलंस?" मी विचारलं.

"केलं. पहिलाच शॉट मैत्रिणी चिडवतात आणि मी लाजते, असा होता. टेक वन ओके. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." ती थांबली. "मला त्याचंच वाईट वाटलं गं. इतकं सहज कसं जमलं मला?"

यावर मी काय बोलणार? मी चहा आणायला उठले.

बाबा आता ठणठणीत आहेत, सकाळी पर्वतीही चढतात. तिला त्याच निर्मात्यांनी पुढच्या मालिकेसाठी विचारलंय, पुन्हा आउटडोअर. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.

घरी आल्यावर मी मोबाइलवर तो हळदीचा एपिसोड शोधला. टेलिकास्टच्या दिवशी मी तो मेसमध्ये पोळी-भाजी खाताना पाहिला होता आणि तिला मेसेजही केला होता, 'क्या दिखती है!' या वेळी तिने सांगितलेल्या जागी थांबले. दुसऱ्या ब्रेकनंतर ती लाजते आणि डावा हात पदराखाली घेते. दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं ते. हॉस्पिटलच्या कॉटच्या दांड्यावर आपटून त्या हातातली एक बांगडी फुटली होती.