अब्राहामाचे तारण कोणत्या कायद्याने?

ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी जे श्रद्धावान पुरुष निवर्तले त्यांचे तारण झाले काय, आणि झाले असल्यास ते कशाच्या बळावर झाले, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्राइतकाच प्राचीन आहे. परंतु पंडितांच्या वादसभेतून तो सामान्य भाविकाच्या घरात शिरला, याचे श्रेय, किंवा ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे अपश्रेय, १९०९ साली ऑक्सफर्डच्या छापखान्याने प्रसिद्ध केलेल्या एका सटीप बायबलला द्यावे लागते. आयर्लंडच्या प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडलेल्या जॉन नेल्सन डार्बीने एकोणिसाव्या शतकात जी युगव्यवस्थेची उपपत्ती मांडली होती, ती सायरस स्कोफील्ड या अमेरिकन धर्मोपदेशकाने या बायबलच्या पानोपानी टिपांच्या रूपाने विखुरली. निष्पापतेपासून ख्रिस्ताच्या भावी राज्यापर्यंत सात युगे. प्रत्येक युगात ईश्वराचे फर्मान निराळे, मनुष्याची कसोटी निराळी, आणि प्रत्येक कसोटीस मनुष्य नापास. टीप आणि मूळ वचन एकाच पानावर छापलेले असले की भाविक वाचक दोहोंना सारखाच मान देतो, ही गोष्ट आपल्याकडील पोथ्यांच्या वाचकांस निराळी सांगावयास नको.

या टिपांपैकी योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायावरील एका टिपेने मोठे वादंग माजविले. कारण नियमशास्त्राचे पालन ही तारणाची अट आता उरली नाही असा तिचा सूर होता, आणि आता उरली नाही म्हणजे पूर्वी होती, असा अर्थ तीतून निघे. मग मोशेच्या अमदानीतील मनुष्य कर्माने तरत होता आणि आपण कृपेने तरतो, असे दोन मार्ग मानावयाचे काय? अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रेस्बिटेरियन महासभेपुढे १९४४ साली आलेल्या अहवालाने ही उपपत्ती आपल्या विश्वासपत्रकाशी विसंगत ठरविली. सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टर येथे सिद्ध झालेल्या त्या पत्रकाचे म्हणणे असे की, आदामाच्या पतनानंतर कृपेचा करार एकच आहे. नियमशास्त्राच्या काळी त्याचा अंमल यज्ञ, सुंता आणि वल्हांडणाचा कोकरा यांच्या द्वारे चालला, पुढे सुवार्तेच्या द्वारे चालला, एवढाच भेद.

तारणाचा मार्ग एकच, या मुद्द्यावर माझा कौल वेस्टमिन्स्टरच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पौल आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो केवळ कालक्रमावर सारा दावा जिंकतो. अब्राहामाने ईश्वरावर विश्वास ठेवला व तो त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून जमा झाला, हे उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. सुंतेची आज्ञा सतराव्यात आहे, आणि त्या दोहोंच्या दरम्यान इश्माएल जन्मून तेरा वर्षांचा झालेला आहे. म्हणजे नीतिमान ठरला तेव्हा अब्राहाम बेसुंती होता. गलतीकरांस लिहिताना तोच पौल आणखी एक दाखला रुजू करतो: नियमशास्त्र आले ते अभिवचनानंतर चारशे तीस वर्षांनी, आणि आधी कायम झालेला करार मागाहून आलेल्या कायद्याने रद्दबातल होत नाही. याकोब आपल्या पत्रात तेच उत्पत्तीचे वचन घेऊन कृतीच्या बाजूने उभा राहतो, हे खरे. परंतु त्याचे भांडण निष्क्रिय विश्वासाशी आहे, अब्राहामाशी नव्हे.

मात्र कृपेचा करार एकच मानणाऱ्या या करारपक्षाचे एक व्यसन मला खटकते. मार्ग एकच, एवढ्यावर न थांबता ते पूर्वजांच्या डोक्यात आपले संपूर्ण विश्वासपत्रक भरू पाहतात. बैलांच्या व बकऱ्यांच्या रक्ताने पाप जाणे अशक्य, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. म्हणून जुने यज्ञ ही क्रूसावर वटावयाची हुंडीच होती, असे ते म्हणतात. परंतु हुंडी बाळगणाऱ्यास ती कोणत्या पेढीवर काढली आहे हे ठाऊक असते. हाबेलास तेवढेही ठाऊक असल्याचे उत्पत्तीत कोठे लिहिलेले नाही. त्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाने ज्यावर विश्वास ठेवला ते तरी काय? निपुत्रिक वृद्धाला ताऱ्यांइतकी संतती होईल, एवढेच. माझा दिवस पाहून अब्राहाम हर्षित झाला, हे योहानाच्या शुभवर्तमानातील येशूचे वचन येथे पुढे केले जाते. त्यावरून काही आशा त्याला दिसली असे म्हणता येईल, क्रूस आणि पुनरुत्थान तपशीलवार दिसले असे म्हणता येणार नाही. येथे युगवादी अधिक प्रामाणिक ठरतात. चार्ल्स रायरी याने १९६५ साली तडजोडीची मांडणी केली ती अशी की, तारणाचा आधार, अट आणि श्रद्धेचा विषय सर्व युगांत एकच, परंतु श्रद्धेचा आशय प्रत्येक युगात निराळा. आणि दोनच वर्षांनी निघालेल्या स्कोफील्डच्या सुधारित आवृत्तीत ती वादग्रस्त टीपही बदलण्यात आली.

वाद मिटला असे वाटते, पण खरी अडचण येथूनच सुरू होते, आणि तिच्यापाशी येताच दोन्ही पक्ष एकाएकी मितभाषी होतात. ख्रिस्ताचे नावही न जाणता अब्राहाम तरला. इस्राएलाबाहेरचा मलकीसदेक याजक म्हणून मान्य झाला. यरीहोची राहाब वेश्या श्रद्धावंतांच्या यादीत बसली. मग अज्ञान हा अपराध कोणत्या तारखेपासून झाला? दुसऱ्या शतकातील जस्टिनने साक्रेटिसालाही ख्रिस्ती म्हणण्याचे धाडस केले होते. दान्तेने व्हर्जिलला नरकाच्या पहिल्या वर्तुळातच ठेवले. आणि आपल्या नारायण वामन टिळकांनी, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्यामुळे असेल, हिंदू संतांची वचने हाच आपला पहिला जुना करार मानला.

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथे पौलाला सुमारे बारा शिष्य भेटतात. क्रूसाची घटना होऊन वर्षे लोटली आहेत, तरी त्यांना योहानाचा बाप्तिस्मा तेवढा ठाऊक आहे. पवित्र आत्म्याविषयी त्यांनी ऐकलेही नाही. लूक त्यांना निःशंकपणे शिष्य म्हणतो. त्यांपैकी एखादा पौल येण्याच्या आदल्या रात्री वारला असता, तर तो अब्राहामाच्याच पंक्तीस बसला असता, असे मला वाटते. आणि हे मान्य असेल, तर इफिसच्या वेशीबाहेरच्यांना कोणत्या सबबीवर अडवावयाचे, हे दोन्ही पक्षांनी एकदा उघडपणे सांगावे.