तसबिरीखाली नाव लिहा. एक नाही, दोन.

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या मिशन शाळेत, चर्चमध्ये किंवा दवाखान्यात गेलात तर भिंतीवर जुनी तसबीर दिसते. काळा कोट, दाढी, हातात पुस्तक. खाली नाव नाही. कोण म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "असेल कुणीतरी गोरा साहेब." पुढच्या रंगकामाला तसबीर खाली उतरते, अडगळीत जाते. बाकीचं काम ओल आणि वाळवी करते.

माझं म्हणणं एवढंच की या तसबिरी जपा आणि खाली नावं लिहा. शक्य तिथं दोन नावं. तसबिरीतल्याचं आणि त्याच्यासोबत राबलेल्या आपल्या माणसाचं.

दोन का? विल्यम कॅरी हा बंगालमधल्या श्रीरामपूरचा मिशनरी. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापून आलं, १८१० मध्ये कोश. पुढं १८११-१२ च्या सुमारास रॉबर्ट होम या चित्रकाराने त्याचं तैलचित्र काढलं. ते आज ऑक्सफर्डला आहे. त्यात कॅरी एकटा नाही, शेजारी त्याचा पंडित आहे. तो मृत्युंजय विद्यालंकार असं मानतात. साहेबाला भाषा शिकवणारा माणूस साहेबाच्याच चित्रात आला, हे त्या काळात फार थोड्यांच्या नशिबी होतं. कॅरीला मराठीसाठी मदत करणारे वैजनाथ पंडित आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहेत?

आता नगरकडे या. अमेरिकन मराठी मिशनची माणसं डिसेंबर १८३१ मध्ये इथं आली, तेव्हा त्यांच्यासोबत बाबाजी नावाचा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. हॉलिस रीड या मिशनऱ्याने लिहिलेलं त्याचं चरित्र १८३६ मध्ये न्यूयॉर्कला छापलं गेलं. अमेरिकेतल्या लोकांनी बाबाजी वाचला. नगरमध्ये दहा जणांना विचारून बघा.

आणि मिस सिंथिया फरार? १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये इथंच वारल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या प्रशिक्षणाच्या हकिकतीतही फरारबाईंचं नाव येतं. दर ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंना हार घालतो. त्या दिवशी नगरच्या किती व्यासपीठांवरून फरारबाईंचं नाव घेतलं जातं?

काहीजण म्हणतील, ही माणसं धर्मांतरासाठी आली होती, त्यांच्या तसबिरी कशाला सांभाळायच्या? बरोबर आहे, धर्मप्रसारासाठीच आली होती. त्यांनी ते कधी लपवलं नाही. पण जोतीरावांनी काय केलं? शाळा पाहिली, घेण्यासारखं घेतलं, ख्रिस्ती काही झाले नाहीत. एवढी समज त्यांना पावणेदोनशे वर्षांपूर्वी होती. आणि तसबिरीखाली नाव लिहिणं म्हणजे आरती ओवाळणं नाही. टीका करायची असली तरी माणूस कोण, हे आधी कळायला नको का? जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं म्हणून १८३१ पासूनची पानं फाटत नाहीत.

उलट ख्रिस्ती बांधवांनाही एक सांगायचंय. तसबीर फक्त साहेबाची लावू नका. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरहून निघालं. तिथून पुढं या जिल्ह्यात वर्ग घेणारे, पदं रचणारे, गावोगाव पायी फिरणारे बहुतेक आपलेच होते. कृष्णराव सांगळे आपलेच. त्यांची नावं भिंतीवर कुठं आहेत?

काम अवघड नाही, पैसेही फार लागत नाहीत. तसबीर ओल्या फडक्याने पुसू नका. उन्हासमोर किंवा ओलीच्या भिंतीवर टांगू नका. बोर्ड रंगवणाऱ्याकडून तिच्यावर नवा रंग तर अजिबात चढवू नका. मोबाईलवर पुढून आणि मागून फोटो काढा. कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे का, चौकटीमागं काही लिहिलंय का, ते बघा. बऱ्याचदा नाव मागंच असतं. मग मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. हे यंदाच करा. तसबीर एकवेळ आणखी चार वर्षं तग धरेल, सांगणारा माणूस धरेलच असं नाही.

तुमच्या गावात अशी तसबीर असेल तर फोटो आणि गावाचं नाव खाली टाका. यादी करायला मी तयार आहे.